पंप तर चालू होता!



"पंप तर चालू होता!" हे वाक्य आपल्या वसईच्या वाड्यांत ज्याने ऐकले नाही असा माणूस विरळाच. स्विच दाबला, मोटर घुमू लागली, आणि माणूस चहा प्यायला घरात गेला. अर्ध्या तासाने येऊन पाहतो तर केळीच्या आळ्यात पाण्याचा थेंब नाही. फूट व्हॉल्व्हमध्ये पाला अडकलेला असतो, किंवा पंपाने हवा घेतलेली असते. मोटर फिरत होती, आवाज येत होता, पाणी मात्र चढत नव्हते. यात नुकसान फार होत नाही. केळी एक दिवस तहानलेली राहतात, फार तर मोटर जळते. पण हेच वाक्य एखाद्या जिवाच्या बाबतीत उच्चारले जाते तेव्हा प्रश्न बदलतो. "मला कळलेच नाही" असे म्हणणारा माणूस दोषी की निर्दोष? न कळणे हा दोष असू शकतो का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आपल्याला जरा दूर, अमेरिकेतील एका तलावावर नेणार आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात अलाबामा राज्यातील एका धर्मग्रामात मी दोन महिने मदतीला होतो. त्या भागात टेनेसी नदीवर धरणे बांधून झालेले मोठमोठे जलाशय आहेत. त्यांतला गंटर्सव्हिलचा जलाशय बास नावाच्या माशासाठी देशभर प्रसिद्ध आहे. बास म्हणजे दिसायला थोडाफार आपल्या जिताड्यासारखा. पण तो गोड्या पाण्यातला, आणि नात्याने वेगळा. तिथे तो धरतात तो पोटासाठी नव्हे, स्पर्धेसाठी. दिवसभरात जास्तीत जास्त पाच मासे जवळ ठेवायचे, संध्याकाळी काट्यावर त्यांचे एकत्रित वजन करायचे, ज्याचे वजन अधिक तो जिंकला. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम लाखो डॉलरच्या घरात जाते.

या स्पर्धांना आजचे रूप दिले ते रे स्कॉट या विमा विकणाऱ्या गृहस्थाने. १९६७ साली त्याने आर्कान्सामधील बीव्हर तलावावर पहिली मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी बास धरणाऱ्यांची संघटना काढली. सुरुवातीला मासे दोरीला ओवून आणीत, आणि ते मेलेले असत. १९७२ पासून त्याने वेगळा आग्रह धरला: मासा जिवंत आणा, वजन करा आणि पाण्यात परत सोडा. मेलेला मासा आणला तर वजनातून काही औंस कापले जाऊ लागले. तेव्हापासून बोटीत 'लाइव्हवेल' आवश्यक झाली. लाइव्हवेल म्हणजे बोटीच्या पोटातली झाकणाची टाकी. तलावाचे पाणी पंपाने तिच्यात येते, फवाऱ्याने पडते, पडताना हवा घेऊन येते, आणि जादा पाणी वरच्या नळीने बाहेर जाते. सकाळी सात वाजता धरलेला मासा दुपारी तीन वाजेपर्यंत या टाकीत जिवंत राहायला हवा.

परत आल्यावर मी हे पाचूबंदरच्या एका वयस्कर कोळी बंधूंना सांगितले. ते खो खो हसले. "फादर, सोडायचाच होता तर धरला कशाला?" त्यांच्या होडीत मासा आला की बर्फ. त्यांनी माशाला कसलेही वचन दिलेले नाही. मासा मेला म्हणून त्यांच्यावर कोणी ठपका ठेवणार नाही. बर्फ कमी पडून तो सडला तर मात्र ठेवील, आणि ठेवायलाच हवा. त्यांच्या हसण्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. त्याकडे आपण नंतर येऊ.

त्या धर्मग्रामात बोटी दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. रविवारी मिस्सानंतर ते मला आपल्या वर्कशॉपमध्ये नेत. मी तत्त्वज्ञान शिकलेला माणूस, पान्हा हातात धरण्याचा प्रसंग माझ्यावर कमीच आला. पण त्यांची कामाची रीत पाहून मला सेमिनरीतला तर्कशास्त्राचा तास आठवे. गिऱ्हाईक येऊन म्हणे, "पंप बिघडला आहे, नवा बसवा." हे गृहस्थ पंपाला हातच लावीत नसत. ते आधी एकच गोष्ट विचारीत: आवाज येत होता का?

आवाज नसेल तर दोष बहुधा विजेच्या बाजूला. आधी फ्यूज पाहायचा, मग स्विच, मग टायमर, मग तारा. बोटीतल्या तारांचे सांधे ओलाव्याने खराब होतात, तांब्यावर हिरवी पूड चढते. बॅटरीवर मीटर लावला तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, बॅटरी ठणठणीत आहे. पण पंप चालू ठेवून पंपाच्या तोंडाशी मीटर लावला तर तिथे १०.५ च निघतात. मधले दोन व्होल्ट कुठल्यातरी कुजलेल्या सांध्याने गिळलेले असतात. ते गृहस्थ म्हणत, "ओझे नसताना सगळ्याच बॅटऱ्या चांगल्या असतात." (हे वाक्य मी पुढे एका रिट्रीटमध्ये वापरले. विजेशी संबंध नसलेल्या लोकांनाही ते लगेच कळले.)

आवाज येत असेल आणि पाणी येत नसेल, तर गोष्ट वेगळी. हे पंप अपकेंद्री जातीचे. आत पात्यांचे चक्र फिरते आणि पाणी बाहेर फेकते. पण ते हवा ओढून पाणी वर खेचू शकत नाही. पाणी आधी त्याच्यापर्यंत पोहोचावे लागते. आपण मोनोब्लॉक पंपात वरून पाणी ओततो ते याचसाठी. बोटीत पंप पाण्याच्या पातळीखाली बसवलेला असतो, त्यामुळे एरवी पाणी आपोआप आत येते. पण बोट गाडीवरून पाण्यात उतरवताना नळीत हवा अडकली तर पंप त्या हवेतच गरगरत राहतो. उपाय सोपा आहे. बोट झटक्यात थोडी मागे घ्यायची, म्हणजे मागच्या फळीखालच्या तोंडात पाणी रेटले जाते आणि हवा निघून जाते. दुसरे कारण म्हणजे वेग. बोट भरधाव सुटली की तिचे नाक वर येते, मागचे तोंडही पाण्याबाहेर निघते, आणि पंप हवा पिऊ लागतो. म्हणून धावत्या बोटीत टाकीतलेच पाणी फिरवणारा दुसरा पंप चालवायचा असतो. तिसरे कारण म्हणजे तोंडावरची जाळी. गंटर्सव्हिलमध्ये हायड्रिला नावाचे पाणगवत माजलेले असते. एक मूठभर गवत जाळीवर बसले की सगळा कारभार थांबतो. शिवाय नळी मुडपलेली असते, क्लिप ढिली होऊन पाणी टाकीऐवजी बोटीच्या तळात पडत असते, किंवा जादा पाण्याची नळी तुंबलेली असते. आणि कित्येकदा तर काहीच बिघडलेले नसते. एक वळवायची चावी 'भरा'ऐवजी 'रिकामी करा'वर राहिलेली असते, बस्स.

जुलै महिन्यात तिथे एक प्रसंग घडला. एका स्पर्धकाचे पाचही मासे काट्यावर पोहोचण्याआधी मेले. त्याचा बोटीतला जोडीदार त्याच्यावर चिडला होता. तो वर्कशॉपमध्ये आला आणि म्हणाला, "नवा पंप बसवा, आणि जुना सदोष होता असे बिलावर लिहून द्या." त्या गृहस्थांनी पंप काढला, बादलीत सोडला, दोन तारा बॅटरीला लावल्या. पाण्याची जाड धार उसळली. मग त्यांनी बोटीच्या मागे वाकून जाळीत बोटे घातली आणि वाळू लागलेल्या गवताचा गोळा बाहेर काढून बाकावर ठेवला. गिऱ्हाईक म्हणाले, "पण मी दिवसभर पंपाचा आवाज ऐकत होतो. पंप तर चालू होता!" ते खोटे बोलत नव्हते. बिलावर मात्र त्या गृहस्थांनी तीनच शब्द लिहिले: जाळी साफ केली.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात हाच प्रश्न हाती घेतला आहे. अज्ञानामुळे घडलेल्या कृत्यासाठी आपण माणसाला सहसा क्षमा करतो, हे तो मान्य करतो. पण, तो म्हणतो, जे अज्ञान माणसाने स्वतःच ओढवून घेतले आहे त्याला शिक्षा होते. दारू पिऊन गुन्हा करणाऱ्याला त्याच्या काळी दुप्पट शिक्षा होत असे, कारण न पिणे त्याच्या हातात होते. निष्काळजीपणाने न जाणणाऱ्याचेही तसेच, कारण काळजी घेणे त्याच्या हातात होते. सोळा शतकांनंतर संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा आणखी उलगडला. न कळण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात, असे ते म्हणतात. त्यांची मांडणी बोटीवर नेऊन पाहू.

एक नावाडी जाळी पाहतो, पंप तपासतो, झाकण उघडून धार पाहतो. तरी पंपाच्या आत कारखान्यातच राहिलेली एक चीर असते आणि ती दुपारी फुटते. पुन्हा झाकण उघडेपर्यंत मासे गेलेले असतात. हे त्याला कळण्याची काही सोय नव्हती. त्याच्यावर दोष नाही. दुःख आहे, पण दोष नाही. दुसऱ्याला जाळी पाहता आली असती, पाहायला हवी होती, पण लवकर निघायचे होते. तिसऱ्याच्या मनात दहा वाजता शंका येते की धार कमी झाली असावी. पण झाकण उघडले आणि मासे धापा टाकताना दिसले, तर चांगली जागा सोडून परत जावे लागेल. म्हणून तो झाकणच उघडत नाही. त्याला कळू नये असे त्याला वाटते. या तिसऱ्या अज्ञानाला थॉमस यांनी वेगळे नाव दिले आहे, आणि ते दोष कमी करीत नाही, उलट वाढवते, असा त्यांचा निर्णय आहे. आणखी एक प्रकार आहे, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. एखाद्याला खरोखरच कळले नाही; पण कळले असते तरी त्याने तेच केले असते. त्याचे अज्ञान खरे आहे, पण ते त्याच्या कृत्याचे कारण नाही.

त्या जुलैमधले गिऱ्हाईक दुसऱ्या प्रकारातले की तिसऱ्या? बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही. गवताचा गोळा बाकावर ठेवता येतो, मन ठेवता येत नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट वाटते. आवाज हा पुरावा नव्हता. आवाज सोयीचा होता, एवढेच. झाकण उघडायला पाच सेकंद लागतात, आवाज ऐकायला काहीच लागत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या कित्येक घरांत आज म्हातारे आई-वडील एकटे आहेत आणि मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात किंवा आखातात. रविवारी फोन होतो. "आवाज बरा वाटला, फादर." आवाज बरा असतोच. फोनवर आवाज बरा ठेवणे हे आई-वडिलांना चांगले जमते. मी त्या मुलांना दोष देत नाही. लांब असणे हा गुन्हा नव्हे. पण शेजारच्या कोणाला तरी आठवड्यातून एकदा आत जाऊन स्वयंपाकघरातला डबा उघडून पाहायला सांगणे त्यांच्या हातात असते.

येथे कोणी म्हणेल, फादर, तुम्ही माशावरून माणसावर गेलात. पण मासा तो मासा. त्याला काय कळते? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. माशाला वेदना होतात का, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहे. २००२ साली जेम्स रोझ यांनी असे मांडले की, वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या थरात होते तो थर माशाला नाही. दुसऱ्याच वर्षी लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवले. ओठाला त्रासदायक द्रव्य टोचले तेव्हा ते मासे तळाशी ओठ घासू लागले आणि बराच वेळ अन्नाला शिवेनात. वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर, ज्याला वेदना होत असण्याची खरीखुरी शक्यता आहे त्याच्याशी, ती होतच नाही असे गृहीत धरून वागणे हे पुन्हा झाकण न उघडण्यासारखेच आहे.

थॉमस स्वतः इथे माझ्याइतके पुढे जात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्राण्यांशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यामुळे माणूस माणसांशीही क्रूर होतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे कांटही जवळपास तेच म्हणतो. या विचारात दोषाचे ठिकाण मासा नसून माणूस आहे. १७८९ साली बेंथमने प्रश्न उलटा फिरवला: प्राणी विचार करू शकतात का हे विचारू नका, ते सोसू शकतात का ते विचारा. आपल्याकडचे कित्येक जण बेंथमचे नाव न ऐकताही याच बाजूचे असतात. पण बोटीच्या बाबतीत हा वाद मिटण्याची वाट पाहावी लागत नाही. त्या नावाड्याने मासा टाकीत घातला तेव्हाच "हा मी जिवंत परत सोडीन" असे ठरवले होते. स्पर्धेत नाव नोंदवताना त्यावर सही केली होती. कोळी बंधूंवर जे बंधन नाही ते त्याने आपण होऊन गळ्यात घेतले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. किती तपासायचे? जाळी पाहिली, मग तार, मग सांधा, मग पुन्हा जाळी. अशा माणसाचा गळ पाण्यात पडणारच नाही. धर्मगुरूंना असे भाविक चांगले माहीत असतात, जे पापाच्या भीतीने एकच गोष्ट दहा वेळा तपासतात आणि तरी त्यांना शांती मिळत नाही. ती विवेकबुद्धीची तीक्ष्णता नव्हे, तो तिचा आजार आहे. मग मर्यादा कोणती?

मला वाटते, तिचे उत्तर त्या टाकीतच आहे. २० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. पाच मिलिग्रॅमच्या खाली गेले की बासला त्रास सुरू होतो. आणि पाणी तापते तसा माशाचा श्वास वाढतो, म्हणजे त्याला प्राणवायू अधिक लागतो. साठा कमी, मागणी जास्त. शंभर लिटरच्या टाकीत पाच मोठे मासे असतील आणि जुलैमध्ये पंप थांबला, तर हातात काही मिनिटे असतात. मार्चमधल्या थंड पाण्यात पुष्कळ जास्त वेळ मिळतो. म्हणजे किती वेळा पाहायचे याचा एकच नियम बाराही महिन्यांना लागू पडत नाही. हाती काय सोपवले आहे आणि ते किती लवकर हातचे जाऊ शकते, यावर ते ठरते. जुलैमध्ये दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडणारा नावाडी शंकेखोर नाही, आणि मार्चमध्ये तसे न करणारा निष्काळजी नाही. वर्कशॉपवाले गृहस्थ स्वतः मासेमारीला जात तेव्हा निघण्याआधी एकदा जाळीवरून बोट फिरवीत, पाण्यात उतरल्यावर एकदा धार डोळ्यांनी पाहत, आणि उन्हाळा असेल तर टायमर बंद करून पंप अखंड चालू ठेवीत. शिवाय बंद बाटलीत गोठवलेले पाणी टाकीत सोडीत, म्हणजे टाकी थोडी गार राहते आणि बर्फातले क्लोरीन माशाला लागत नाही. तेही जपून, कारण पाणी एकदम फार गार केले तर तोही माशाला धक्काच. त्यापलीकडे ते निवांत गळ टाकून बसत.

आणि आता पाचूबंदरच्या बंधूंचे हसणे. सोडायचाच होता तर धरला कशाला? स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत त्यांचेच म्हणणे कायद्यात घातले: परत सोडण्याच्याच हेतूने मासा धरण्यास तिथे मनाई आहे. मी त्या टोकाला जायला तयार नाही. तिथल्या तलावांची आणि माशांची निगा राखायला झटणारी माणसे मी पाहिली, ती बहुतेक ही गळ टाकणारीच होती. पण एक गोष्ट त्या माणसांनाही टोचते. काट्यावर जिवंत ठरून पाण्यात सोडलेला मासा पोहत जातो, टाळ्या पडतात. आणि त्यांतले काही मासे पुढच्या काही दिवसांत खोल पाण्यात मरतात. कोणी पाहत नाही, कोणाचे वजन कापले जात नाही. गरम पाण्यात असे मृत्यू वाढतात हे तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी वारंवार दाखवले आहे. यावर २०११ साली सुरू झालेल्या एका स्पर्धामालिकेने वेगळी वाट काढली. मासा धरला की बोटीतच, पंचासमोर, वजन करायचे आणि तिथल्या तिथे सोडायचा. छोट्या कयाकवरून होणाऱ्या स्पर्धांत तर मासा पट्टीवर ठेवून फोटो काढतात आणि लगेच सोडतात. अशा बोटीला ना टाकी लागते, ना पंप, ना जाळी. वर्कशॉपवाल्या गृहस्थांना मी विचारले, मग तुमच्या धंद्याचे काय? ते म्हणाले, "बोटीत बिघडायला अजून पुष्कळ वस्तू आहेत, फादर."